कापसाच्या बोंडाचा बिल्ला

गजा,

तेरवीला तीन जणांनी मला तुझ्याबद्दल चार शब्द बोलायला सांगितलं. मी नाही म्हणालो. बाकीचे बोलले ते ठीकच बोलले. पी.टी.चे सर, धनुर्विद्येचे पंच, साखरखेर्ड्याहून परदेशापर्यंत पोचलेला माणूस, विद्यार्थीप्रिय. विद्यार्थीप्रिय म्हटल्यावर मला हसूच आलं, कारण तुझी शिट्टी ऐकून पोरं कशी पांगायची ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तू असतास तर मागून कोपर मारून म्हणाला असतास, "पल्हाद्या, हे कोणाबद्दल बोलून राह्यले बे?"

मला जे बोलायचं होतं ते मांडवात उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं. ते तुलाच सांगायचं होतं, आणि तू होतास तेव्हा सांगायचं होतं. तेवढी हिंमत झाली नाही. म्हणून आज भर दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून लिहायला बसलो आहे. दोन गिऱ्हाइकं वाकून पाहून गेली.

तुला आठवतं का, तू पहिल्यांदा परदेशात गेलास, थायलंडला, शाळेतल्या एका पोरीचा प्रशिक्षक म्हणून? विमानातून उतरलास, मग रेल्वे, मग एसटी, आणि चिखलीच्या स्टँडवर उतरून घरी जायचं सोडून बॅगेसकट थेट माझ्या दुकानात आलास. मला वाटलं, गड्यानं माझ्यासाठी काहीतरी आणलं असणार. तू खिशातून एक बिल्ला काढून काउंटरवर ठेवलास. नखाएवढा. निळ्या रंगावर धावणारा घोडा. बिल्ले बनवण्यात माझा जन्म गेला, बापाचाही गेला, पण इतकं सफाईचं काम मी तोवर पाहिलं नव्हतं. मी भिंग लावून पाहत होतो आणि तू मान खाली घालून बसला होतास.

"घेऊन बसलो बे," तू म्हणालास. "द्याले काहीच नव्हतं मायापाशी."

मग तू सगळं सांगितलंस. स्पर्धेला आलेली देशोदेशीची माणसं गळ्यात पट्टा घालतात आणि त्यावर बिल्लेच बिल्ले लावलेले असतात. कोणाचा देशाचा, कोणाचा गावाचा, कोणाचा क्लबचा. सामने संपले की एकमेकांच्या पट्ट्याकडे बोट दाखवायचं. भाषा लागत नाही. माझा तुला, तुझा मला. विकायचा नाही, आणि फुकट मागायचा तर मुळीच नाही. पट्ट्यावरचा बिल्ला बदलीचा, टोपीवर लावलेला मात्र जीवाचा, त्याला हात लावायचा नाही. आणि बदली झाली की मिळालेला बिल्ला आपण लावायचा नाही, समोरच्यानं तो आपल्या छातीवर लावून द्यायचा. मंगोलियाच्या एका म्हाताऱ्या पंचानं तुझ्याकडे बोट केलं आणि तुझ्या गळ्यात नुसतं ओळखपत्र. तरी त्यानं घोडा काढून तुझ्या शर्टाला लावला. तू गडबडलास आणि गळ्यातली शिट्टी काढून त्याला दिलीस.

"थुकीची शिट्टी, पल्हाद्या," तू म्हणालास. "त्या बुढ्यानं घातली गळ्यात, हासला बी. पण मले लय खाली पाह्यल्यासारखं झालं."

माझ्या दुकानातून त्या महिन्यात 'वर्गप्रमुख'चे चाळीस आणि 'स्वागत समिती'चे साठ बिल्ले गेले होते. सगळ्या तालुक्याच्या छातीवर मी बिल्ले लावले, आणि माझाच दोस्त जगात मोकळ्या छातीनं उभा होता. मी म्हटलं, "बस बे. चहा पी. तुले बनवून देतो."

बिल्ल्यावर काय कोरायचं यावरून आपण तीन दिवस भांडलो. तुला धनुष्यबाण हवा होता. मी म्हटलं, तिथं येणाऱ्या प्रत्येकाच्या बिल्ल्यावर धनुष्यबाणच असणार, तुझा कोण ओळखील? कापसाचं बोंड कोरू. चार पाकळ्या फुटलेलं, पांढरं. खाली 'बुलडाणा'. तू म्हणालास इंग्रजीत लिही, मी म्हटलं त्या मंगोलियावाल्यानं इंग्रजीत लिहिलं होतं का? तिथं तू माघार घेतलीस. डाय मी स्वतः कोरली. पोलादाच्या ठोकळ्यावर उलटी नक्षी कोरायची, तिच्यावर पितळी पत्रा ठेवून हातप्रेसचा दांडा ओढायचा, की बोंड उठून येतं. आठ दिवस लागले. डोळ्यांत पाणी यायचं, पण त्या आठ दिवसांत मी जितका खूश होतो तितका लग्नातही नव्हतो, आणि हे तू माझ्या बायकोला सांगूनही टाकलंस.

शंभर बिल्ले केले. पाकळ्यांत पांढरा रंग सुईनं भरला, भाजला, आणि मागे सेफ्टी पिना कथलाचा डाग देऊन बसवल्या, शाळेच्या बिल्ल्यांना बसवतो तशा. आणि पिशवी तुझ्या हातात देताना मी एकच गोष्ट मागितली. "नव्व्याण्णव वाट. एक परत आण. तिकडून फिरून आलेला."

"हाव," तू म्हणालास. "त्यात काय."

तू पुढच्या स्पर्धेला गेलास आणि पाचव्या दिवशी परदेशातून तुझा फोन. मला वाटलं पोरगी जिंकली. "पल्हाद्या, हे काय करून ठेवलं बे तू? सेफ्टी पिना? इथं सगळ्याईच्या बिल्ल्याले मागं एक खिळा असते आन् वरून फुलपाखरासारखी चिमटी. टक् केलं का बसते. मी इथं लोकाईच्या छातीवर दुपट्ट्याले लावते तशा पिना टोचू का?" मी घोडा भिंगातून पाहिला होता तो फक्त समोरून. पाठ पाहिलीच नव्हती. पण फोनवर ते कबूल कोण करतो? मी म्हटलं, "मुद्दाम लावल्या. चिमट्या पडतात."

आता यातलं खरंखोटं देवाला माहीत, पण परत येऊन तू जे सांगितलंस त्यावर मी बारा वर्षं मिरवलो. की त्या चिमट्या खरोखर पडतात, लोक बसमध्ये सीटखाली शोधत बसतात, आणि आपलं बोंड काही केल्या पडत नाही. की कोरियाच्या पोरीनं ते मेंढी समजून घेतलं आणि तू तिला हातवारे करून कापूस समजावू लागलास, शेवटी स्वतःच्या शर्टाला हात लावून दाखवलास. आणि सगळ्यात मोठी गोष्ट तू अशी सांगितलीस की चिमटीवाला बिल्ला टक्कन बसतो आणि माणूस निघून जातो, पण सेफ्टी पिन लावायला वेळ लागतो. समोरच्याला मान वर करून उभं राहावं लागतं. तेवढ्या वेळात तो हसतो, नाव विचारतो, ओळख होते.

"म्हणून त लावल्या," मी म्हणायचो.

"चुकून लावल्या अन् आता अक्कल सांगते," तू म्हणायचास. मेहकरला एका लग्नात आपण यावरून इतके भांडलो की वरबाप मध्ये पडला. तर ऐक, आज सांगतो. चुकूनच लावल्या होत्या, गजा. हे सोपं होतं, म्हणून आधी सांगून टाकलं.

दुसरं सोपं नाही.

ते शंभर बिल्ले तुला चार दौऱ्यांना पुरले. दर दौऱ्यानंतर तू दुकानात यायचास, नवे बिल्ले काउंटरवर ओतायचास, आणि आपण दोघं ते मखमलीवर लावायचो. ती मखमलही माझ्याच दुकानातली, शील्डच्या पेटीत लावतो ती, मरून रंगाची. तुझ्या बैठकीच्या खोलीत टीव्हीच्या वर ती टांगलेली असायची आणि मधोमध तो घोडा. मी दरवेळी विचारायचो, "माया एक?" तू जीभ चावायचास. "आता शेवटच्या वेळी आणतो बे, पक्का." चौथ्या दौऱ्याहून आलास तेव्हा पिशवी उलटी करून दाखवलीस. एकही नाही. शेवटचा विमानतळावर कोणाला तरी दिला होतास, कारण त्याच्याकडे गेंड्याचा बिल्ला होता.

मी रिकाम्या पिशवीची घडी घालत बसलो. तुझ्या लक्षात आलं की काहीतरी बिनसलं, म्हणून तू वर म्हणालास, "तुले कायले पाह्यजे पण? डाय त तुयापाशीच हाये. छाप न एक."

बरोबरच होतं तुझं. एक काय, हजार छापता आले असते. पण मला तो हवा होता जो जाऊन आला. मी चिखली सोडून फार कुठं गेलो नाही, गजा. अकोल्याला पत्रा आणायला जातो, शेगावला पायी जातो. माझं काम वर्षभर पोरांच्या शर्टावर राहतं आणि मग कपाटात, रद्दीत, नाहीतर कचऱ्यात. आयुष्यात एकदाच माझ्या हातची एक वस्तू समुद्रापलीकडे गेली आणि कोणीतरी परक्या माणसानं ती आपणहून मागून घेतली. तिथलं ऊन लागलेला एक बिल्ला मला हातात धरून पाहायचा होता. पण पन्नाशी उलटलेल्या माणसानं हे तोंडानं कसं बोलावं? तू न सांगता ओळखशील असं वाटलं होतं. तू ओळखलं नाहीस, आणि मी मनात गाठ मारून ठेवली.

पुढच्या दौऱ्याआधी तू आलास आणि म्हणालास, "पल्हाद्या, पन्नास छापून दे. तुर्कस्तानले जाऊन राह्यलो."

मी तुझ्याकडे न पाहता म्हटलं, "डाय मोडली. भंगारात देली."

तुझ्या हातात चहाचा कप होता. तू तो खाली ठेवलास. मला वाटलं चिडशील, शिव्या देशील, मग मीही चार शब्द ऐकवीन आणि सगळं मोकळं होईल. पण तू एवढंच म्हणालास, "आठ दिवस कोरली होती रे तू."

डाय मोडली नव्हती, गजा. तेलाच्या फडक्यात गुंडाळलेली होती, तुझ्यापासून चार हातांवर, कपाटाच्या खालच्या खणात, चहाचे जादा कप ठेवतो त्याच्या मागे.

तू तुर्कस्तानला तसाच गेलास. परत आल्यावर मी विचारलं नाही आणि तू काही ओतलं नाहीस. मी समजलो, फुकट मागायचं नाही हा तुझा नियम, त्यामुळे रिकाम्या गळ्यानं हिंडलास आणि रिकामा आलास. आतून फार वाईट वाटत होतं. रोज ठरवायचो की आज फोन करून सांगतो. आणि रोज वाटायचं, आता इतक्या दिवसांनी काय तोंडानं सांगू.

मग तो दिवस. तू जाण्याच्या आठवडाभर आधीचा. तू दुकानात आलास, नेहमीच्या स्टुलावर बसलास, शर्टाच्या खिशात हात घातलास आणि म्हणालास, "पल्हाद्या, त्या डायचं जरा बोलाचं होतं."

मला वाटलं, सापडलो. मी तुला पुढं बोलूच दिलं नाही. "तो इषय पुन्हा काढू नको गजा. गेली म्हणलं न एकदा?"

तू खिशातला हात बाहेर काढलास. रिकामा. "बरं बे, राहू दे," म्हणालास. चहा प्यायलास, मेहकरच्या स्पर्धेची तारीख सांगितलीस, ये म्हणालास, आणि साखरखेर्ड्याची गाडी पकडायला निघून गेलास. त्याच मेहकरच्या मैदानावर, लक्ष्यात रुतलेल्या बाणांचे गुण सांगता सांगता तू खाली बसलास, तो उठलाच नाहीस. मी आलो नव्हतो. दुकानात बक्षिसांच्या शील्डांचं काम होतं. असं मी सगळ्यांना सांगितलं.

तेरवीची पंगत उठल्यावर मंदावहिनींनी मला आत बोलावलं. मखमल त्यांनी उतरवून पलंगावर पसरली होती. घोडा नव्हता. मधोमध नुसतं भोक. बाजूला आणखी चार भोकं.

"भाऊजी, हे तुमच्यासाठी आणलं होतं त्याईनं," म्हणून वहिनींनी माझ्या हातावर कागदाची पुडी ठेवली. उघडली. आपलं बोंड होतं त्यात. पांढरा रंग दोन पाकळ्यांतून उडालेला, पितळ काळवंडलेलं, मागे माझीच सेफ्टी पिन.

वहिनी सांगू लागल्या. तुर्कस्तानला जाताना तू मखमलीवरचे पाच बिल्ले काढून नेलेस. तिथं ती कोरियाची पोरगी भेटली, मेंढीवाली, आता तीही प्रशिक्षक झाली आहे. तिच्या टोपीवर आपलं बोंड. टोपीवरचं, म्हणजे मागायचं नसतं. तू मागितलंस. ती नाही म्हणाली. तू एक दाखवलास, दोन दाखवलेस, चार ठेवलेस. शेवटी घोडा काढलास.

"मी म्हणलं, इतका आवडीचा घोडा देला?" वहिनी म्हणाल्या. "त म्हणे, घोडा माया होता. हा पल्हाद्याचा हाये. त्याची डाय मोडली, तवापासून तो धड बोलत नाही. म्हणे, डाय मोडली का कारागिराचा हातच मोडते. हा नमुना देला का तो याच्यावरून नवी कोरीन." मग त्यांनी विचारलं, "होते न भाऊजी, याच्यावरून नवी?"

मी म्हटलं, "होते." बघ, अजून एक खोटं. तुझ्या घरात, तुझ्या तेरवीला.

तीन दिवस तो बिल्ला पुडीतच होता. लावावा असं वाटेना. तुझा नियम डोक्यात घुमत होता, घ्याचं त द्याचं. मी फुकट कसा घेऊ? काल सकाळी दुकान उघडलं, कप बाजूला केले आणि फडकं सोडलं. डाय तेलात तशीच चकचकत होती. पत्रा ठेवला, दांडा ओढला, बोंड उठलं. रंग भरला. भाजला. मागे सेफ्टी पिन लावली. या वेळी जाणूनबुजून.

मग साखरखेर्ड्याची एसटी धरली. वहिनी अंगणात तुरी निवडत बसल्या होत्या. मी नवा बिल्ला त्यांच्यासमोर ठेवला आणि म्हटलं, "वहिनी, डाय मोडलीच नव्हती. मी गजाले खोटं बोललो. रुसलो होतो." एवढंच. यासाठी मला तुझं मरण लागलं.

वहिनींनी सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "त्याईले माहीत असन का हो?"

त्या खणातले कप तू कितीदा स्वतःच्या हातानं काढले आहेस. कदाचित फडकं दिसलं असेल. कदाचित दिसूनही तू तो बिल्ला घेऊन आलास, मला खोटं न ठरवता डाय परत काढता यावी म्हणून. की खरंच मोडली समजून, माझ्या हाताची काळजी करत, घोडा देऊन आलास? दोन्हींतलं कोणतंही खरं धरलं तरी मला रडू येतं. तू खिशात हात घातला होतास, गजा. मी तोंड मिटून ऐकलं असतं तर आपण हसलो असतो, भांडलो असतो, आणि तू माझ्या आईबहिणीचा उद्धार करून तो मला लावून दिला असतास.

मी आत जाऊन मखमलीच्या मधोमध, घोड्याच्या जागी, नवं बोंड लावलं. मग पुडी उघडली, जुनं बोंड काढलं आणि स्वतःच्या शर्टाला लावायला लागलो.

"थांबा भाऊजी," दारातून वहिनी म्हणाल्या. "आपल्या हातानं लावाचं नसते म्हणत ते."

त्यांनी हात पदराला पुसले, बिल्ला माझ्या हातातून घेतला आणि पुढं आल्या. पिन जुनी, गंजलेली, उघडता उघडेना. लावायला वेळ लागला, गजा. तेवढा वेळ मी मान वर करून उभा राहिलो.